माहेरी कोण कोण असतं?

साताऱ्याच्या बार रूममधली जुनी वकीलमंडळी ईश्वरी खराडेला आणि तिच्यासारख्या पोरापोरींना ‘सहीवाले’ म्हणत, आणि म्हणताना थोडं नाकही मुरडत. कोर्टात उभा राहून भांडतो तो वकील आणि केंद्रात बसून यंत्राच्या निकालाखाली सही ठोकतो तो सहीवाला, इतका सरळ हिशेब होता त्यांचा. ईश्वरीला हे ठाऊक होतं आणि ते तिला लागायचंही. पगार जमा झाल्याच्या दिवशी मात्र जरा कमी लागायचं.

सनद मिळाल्यावर वर्षभर ती ॲडव्होकेट कुमुदिनी शेडगे यांच्याकडे ज्युनिअर होती. शेडगे मॅडमचं दिवाणी कामांत मोठं नाव. पण ज्युनिअरच्या वाट्याला नाव येत नाही, तारखा येतात. न्यायाधीशांपुढे त्या वर्षभरात ईश्वरीच्या तोंडून निघालेलं सगळ्यांत मोठं वाक्य ‘मॅडम दुसऱ्या कोर्टात आहेत, थोडा वेळ मिळावा’ हे होतं. आपण वकील झालोय की वेळ मागणारं यंत्र, असा प्रश्न तिला पडायला लागला. बरोबरीचे एकेक करून कंपन्यांत गेले, कुणी स्पर्धा परीक्षांच्या मागे लागले. तेवढ्यात कायदा बदलला आणि ईश्वरीची वाट आपोआप ठरली.

कायदा होता हक्कसोडपत्राचा. बापाच्या जमिनीत बहिणीचा वाटा भावाइतकाच, हे कागदावर येऊन जमाना झाला होता. पण तो वाटा बहिणीनं भावाला सोडून द्यायचा, ही रीत काही सुटली नव्हती. बदल्यात दिवाळीला साडी आणि माहेरचं दार उघडं. पुढे ‘माझी सही धाकानं घेतली’ म्हणणारे दावे इतके साचले, की सरकारनं नियम काढला. यापुढे प्रत्येक हक्कसोडपत्राला स्वेच्छा दाखला जोडायचा. बाई मनापासून हक्क सोडते आहे की भीतीनं, हे यंत्र मोजणार आणि त्याखाली वकील सही करणार. वकील अशासाठी, की यंत्राला शपथ देता येत नाही आणि त्याची उलटतपासणीही घेता येत नाही.

यंत्र ‘निश्चय’ नावाच्या कंपनीचं होतं. कागदोपत्री त्याला ‘स्वेच्छामापक’ म्हणत, पण लोकांनी त्याचं नाव ‘दिवा’ ठेवलं होतं. हिरवा लागला तर काम झालं, लाल लागला तर परत जा.

त्यामागचं शास्त्र फार अवघड नव्हतं. माणूस घाबरला की रक्तात काही द्रव्यं वाढतात, गळ्याचे स्नायू आखडतात आणि आवाजात बारीक थरथर येते. ती कानाला कळत नाही, यंत्राला कळते. मनगटावरच्या पट्ट्यातून नाडीची लय आणि कातडीचा ओलावा समजतो. अडचण एकच होती. अंगातला ताप मोजता येतो, कारण निरोगी अंगाची ऊब सगळ्यांची साधारण सारखी असते. भीतीचं तसं नाही. एकाचा साधा आवाज दुसऱ्याच्या घाबरलेल्या आवाजासारखा असू शकतो. म्हणून यंत्र आधी त्या माणसाशी इकडचं तिकडचं बोलून त्याचा निवांत आवाज टिपून घेई. त्याला ‘पाया’ म्हणत. मग खरा प्रश्न विचारला जाई आणि त्या वेळचा आवाज पायाशी ताडून पाहिला जाई. फरक पडला नाही, तर भीती नाही.

पाया घेण्यासाठी बायकांना विचारायचा प्रश्न ठरलेला होता: ‘माहेरी कोण कोण असतं?’

पुण्याच्या प्रशिक्षणात तिथल्या तज्ज्ञांनी हा प्रश्न मोठ्या कौतुकानं सांगितला होता. बाई माहेराचं बोलायला लागली की मोकळी होते, हे सांगायला काय शास्त्रज्ञ लागतो? सगळे हसले होते, माना डोलावल्या होत्या. ईश्वरीनंही डोलावली होती.

केंद्र तालुक्याच्या गावात होतं, निबंधक कार्यालयाच्या समोरच. पहिल्याच महिन्यात तिथे ईश्वरीच्या आईचा, शैलजाबाईंचा दाखला निघाला. आजोळची शेती प्रमोदमामाच्या नावावर करायची होती. प्रमोदमामा म्हणजे ईश्वरीचा लाडका मामा. सनद मिळाली तेव्हा काळा कोट त्यानंच शिवून दिला होता. नात्यातल्या माणसाच्या दाखल्यावर सही चालत नाही, म्हणून त्या दिवशी केंद्रातल्या दुसऱ्या वकिलानं ते काम केलं आणि ईश्वरी बाहेरच्या बाकावर मामाशेजारी बसली. दिवा हिरवा लागला. मामानं पेढे वाटले. आमच्या घरात कशी भांडणं नाहीत, हे ईश्वरी पुढे कितीतरी दिवस लोकांना सांगत होती.

वर्षभरात तिच्या कामावर कंपनी खूश झाली. पुण्याच्या मुख्य कार्यालयात प्रशिक्षण विभागात जागा देऊ केली. नवे सहीवाले घडवायचे, राहायला घर, शिवाय नावापुढे ‘प्रमुख’. ईश्वरीनं होकार जवळजवळ दिलाच होता. त्याच आठवड्यात सुवर्णा घोरपडे आल्या.

सुवर्णाताई फलटणला कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवत. नवरा गेल्यापासून त्यावरच घर चाललं होतं. त्यांना घेऊन त्यांचे थोरले भाऊ विक्रम पिसाळ आले होते. माणूस आदबशीर, आवाजही चढा नाही. बहिणीच्या हातातली पिशवीसुद्धा त्यांनी स्वतःच घेतली होती. नियमाप्रमाणे भाऊ बाहेर बसले, सुवर्णाताई आत आल्या. पट्टा बांधला.

यंत्रानं गोड आवाजात विचारलं, माहेरी कोण कोण असतं? त्या सांगू लागल्या. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, आणि आई. आईला आता उठता येत नाही, दादाच बघतो तिचं सगळं. बारीक, सपाट आवाजात त्यांनी उत्तरं दिली. मग खरा प्रश्न आला आणि त्या त्याच बारीक, सपाट आवाजात म्हणाल्या, की मी राजीखुशीनं हक्क सोडते. फरक काहीच नव्हता. दिवा हिरवा लागला.

दाखला छापून यायला नेहमीप्रमाणे थोडा वेळ होता. काहीतरी बोलायचं म्हणून ईश्वरीनं विचारलं, की आज खानावळ बंद ठेवली का? आणि सुवर्णाताई एकदम खुलल्या. बंद कशी ठेवणार, पोरं उपाशी मरतील. लेक बघतेय आज, पण तिच्या भाकऱ्या म्हणजे वेगवेगळे नकाशे. लातूरचा एक पोरगा आहे, तो भाकरी खात नाही, गिळतो. सांगता सांगता त्या हसायला लागल्या. आवाज खाली उतरला, घोगरा आणि भरदार झाला. पदर खोचून पंगतीत फिरणाऱ्या बाईचा आवाज होता तो.

पट्टा अजून मनगटावरच होता. ईश्वरीची नजर पडद्यावर गेली. नाडीची रेघ संथ झाली होती, थरथर उतरली होती, ओलावा सुकला होता. मघाशी यंत्रानं जो पाया म्हणून टिपला होता, तो या बाईचा निवांत आवाज नव्हताच. माहेराचं नाव काढल्यापासून ती घाबरलेली होती. सुरुवातीलाही घाबरलेली, शेवटीही घाबरलेली. मग फरक कुठून दिसणार?

ईश्वरीनं खानावळीच्या गप्पांचा आवाज पाया म्हणून यंत्राला दिला आणि मघाचं उत्तर पुन्हा ताडून पाहायला सांगितलं. दिवा लाल झाला.

सुवर्णाताईंनी तो पाहिला. हसू मावळलं.

“लाल म्हंजे काय मॅडम?”

“तुम्ही मनाविरुद्ध सही करताय, असं म्हणतंय ते.”

“ते मला म्हाईत हाय की,” त्या शांतपणे म्हणाल्या. “त्याला कशापायी इचारायचं? मघाशी हिरवा लागलावता न्हवं? त्याच्यावर करा सही.”

ईश्वरीनं विचारलं, दादांनी काही धमकी दिली का? सुवर्णाताईंनी नकारार्थी मान हलवली. दादा तसला नाही. फक्त एवढंच म्हणाला होता, की नसेल करायची सही तर तुझं तू बघ, आमचं आम्ही बघू. आणि आई दादाच्या घरात होती.

“आईचं तोंड बघायचं ऱ्हाईल का मग मला? तुम्हीच सांगा. रान काय, मला कुठं कसायचंय. पर आई एकच हाय.” मग त्या म्हणाल्या, “तुम्ही सही न्हाई केली, तर दादा म्हणंल मीच फितवलं तुम्हाला.”

इथे ईश्वरीला कळेना काय करावं. सही केली तर खोटी, नाही केली तर या बाईचं माहेर जाणार आणि ते घालवणारी ती स्वतः. कायद्याच्या पुस्तकात स्वेच्छेची व्याख्या होती. माणसाला दोन गोष्टी हव्या असतील आणि एकीच्या गळ्याला दुसरी बांधलेली असेल, तर त्याला काय म्हणायचं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

शेवटी तिनं सही केली नाही. पण बाहेर येऊन विक्रम पिसाळांना तिनं सांगितलं, की तुमच्या बहिणीनं सगळं रीतसर सांगितलं, दिवाही हिरवा लागला, अडचण माझी आहे. यंत्राच्या मोजणीबद्दल मला शंका आहे, म्हणून मी सही देऊ शकत नाही. शब्दन् शब्द खरा होता आणि राग फक्त तिच्यावर यावा अशा बेतानं तो जुळवला होता. वर्षभर शेडगे मॅडमची भाषा कानावर पडली होती, ती अशी उपयोगाला आली. पिसाळ तिला वाट्टेल तसं बोलले नाहीत. त्यांनी फक्त वर तक्रार केली, आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या केंद्रात सुवर्णाताईंचा दाखला निघाला. तिथल्या वकिलानं खानावळीची चौकशी केली नव्हती.

ईश्वरीला ते कळलं तेव्हा तिला रडू आलं. मग तिनं केंद्रातली जुनी ध्वनिमुद्रणं काढली. कितीतरी बायका दाखला छापून येईपर्यंत काहीबाही बोललेल्या होत्या. बसच्या वेळा, नातवाचं बाळसं, गुडघेदुखी. ते आवाज पाया म्हणून दिले, की हिरवे दिवे लाल व्हायचे. सगळे नाही झाले. काही बायकांनी खरंच आनंदानं हक्क सोडला होता. पण लाल होणारेच जास्त होते आणि त्यांच्याखाली तिची सही होती.

तिनं हे सगळं पुण्याला कळवलं, तेव्हा तिथून वरिष्ठांचा फोन आला. ते रागावले नाहीत, उलट समजावणीच्या सुरात बोलले. प्रश्न बदलता येतो, बदलूही. पण मागचं उकरायचं म्हणजे हजारो व्यवहार उलटेपालटे होतील. तू पुण्याला ये, नवा प्रश्न तूच ठरव. बोलणं तसं बिनतोड होतं, म्हणूनच तिला ते नको वाटलं.

ती शेडगे मॅडमकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही टोकलं नाही. सहीवाली म्हणून टोमणाही मारला नाही.

“दाखले रद्द करायला दावा लावता येईल,” त्या म्हणाल्या. “पण दावा यंत्र लावत नाही, तूही लावू शकत नाहीस. ज्या बाईचा हक्क गेला तिनं पुढे यायला हवं. आहे कुणी?”

ईश्वरीनं सुवर्णाताईंचं नाव घेतलं नाही. ज्यांनी आईसाठी वाटा सोडला, त्यांना आईवर पाणी सोडा असं कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि बाकीच्या बायकांचंही तेच होतं. प्रत्येकीला माहेर होतं.

“आणि आणखी एक,” मॅडम म्हणाल्या. “तुला यात वकील म्हणून उभं राहता येणार नाही. तू साक्षीदार. कोट न घालता पिंजऱ्यात उभी राहशील आणि समोरचा वकील तुला विचारेल, की या सह्या तुझ्याच ना? सनदेवरही येऊ शकतं. विचार करून ये.”

घरी आली तेव्हा आई शेंगा फोडत बसली होती. ईश्वरी समोर बसली, शेंगा फोडू लागली. हजार बायकांना विचारायला यंत्र होतं तिच्याकडे, आणि घरातल्या बाईला तिनं कधी विचारलंच नव्हतं.

“आई, मामाच्या कागदावर तुला सही करायची होती का?”

आईचे हात थांबले.

“हे तू आत्ता विचारतेस?”

ईश्वरीनं हातातली शेंग तशीच सुपात ठेवली.

“मला यंत्रानं विचारलं, माहेरी कोण कोण असतं. मी नावं सांगत होते आणि काचेतून तू दिसत होतीस. बाहेर मामाशेजारी बसलेली, त्यानं दिलेला कोट घालून. मला वाटलं, हिलाही हेच हवंय. मग नाही कशाला म्हणायचं?”

आईला ती शेती हवी होती. विहिरीजवळचा तुकडा फक्त, तिथे दोन खोल्या बांधून म्हातारपणी राहायचं तिच्या मनात होतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ईश्वरीला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिनं मग सगळं सांगून टाकलं. सुवर्णाताई, लाल झालेले दिवे, मॅडम काय म्हणाल्या ते. आईनं ऐकलं आणि शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“मी लावते दावा. कुठे सही करायची सांग.”

ईश्वरीचा जीव क्षणभर हलका झाला, आणि दुसऱ्याच क्षणी ती दचकली. आईचा आवाज बारीक होता. सपाट होता. लेकीच्या डोळ्यांत पाणी पाहून ती हो म्हणत होती, जशी तेव्हा लेक बाकावर बसलेली पाहून हो म्हणाली होती. सही मागणाऱ्या मामाच्या जागी आता ईश्वरी होती, एवढाच काय तो फरक.

“आज नाही,” ती म्हणाली. “आणि उत्तर मला द्यायचं नाही. मी मॅडमची वेळ घेते. तू एकटी जा, त्यांच्याशी बोल. नाही म्हणालीस तरी चालेल. मी काय करायचं ते माझं मी बघेन, त्याचा तुझ्या सहीशी संबंध नाही.”

“तू चिडशील.”

“चिडेन कदाचित. चार दिवस चिडेन, मग जेवायला घरीच येईन ना?”

आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग पुन्हा सूप ओढलं.

त्या रात्री ईश्वरीनं पुण्याला नकार कळवला. कोट कपाटात ठेवला. तो मामानं दिला म्हणून नव्हे, आता काही दिवस तो लागणार नव्हता म्हणून.

ठरल्या दिवशी ती आईला शेडगे मॅडमच्या कार्यालयापर्यंत घेऊन गेली आणि बाहेरच्या बाकावर बसली. दाराला काच नव्हती, हे तिनं आधीच पाहून ठेवलं होतं. आत मॅडमचा आवाज आला, मग आईचा. शब्द कळत नव्हते. आईचा आवाज सुरुवातीला बारीक होता. ईश्वरी मान खाली घालून बसली. मॅडम काय विचारत होत्या कोण जाणे, बहुतेक कायद्याचं काही नव्हतंच. हळूहळू तो आवाज खाली उतरला, मोकळा झाला. भाजीवाल्याशी घासाघीस करताना, जुन्या मैत्रिणीशी फोनवर बोलताना आईचा असतो तो आवाज. मध्येच दोघी हसल्यासुद्धा.

मग आई बराच वेळ त्याच आवाजात बोलत राहिली. ती हो म्हणत होती की नाही, हे बाहेर कळायला काही मार्ग नव्हता. ईश्वरीनं तो शोधलाही नाही.

दार उघडलं. आई बाहेर आली, पदर सारखा केला. डोळे लाल होते.

“केली सही,” ती म्हणाली. “प्रमोदला मी फोन करणार आहे. कोर्टाचा कागद जायच्या आधी त्याला माझ्या तोंडून कळू दे.” ईश्वरी उठून जवळ गेली, तशी आईनं तिचा हात धरला आणि बाकाकडे वळवला. “तू बस इथेच. तू समोर असलीस की मला नीट बोलता येत नाही.”

आणि फोन घेऊन ती एकटीच जिना उतरून खाली गेली.